तोंडी परीक्षेचे वीस गुण आणि मुलांचा आवाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या भाषा विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, हे ज्यांच्या घरात दहावीचे मूल आहे त्या सर्व वाचकांना ठाऊक आहे. २०१८-१९ या शैक्षणिक वर्षी हे वीस गुण काढून टाकण्यात आले. मार्च २०१९ चा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि या घसरणीला नवा अभ्यासक्रमही कारणीभूत असला तरी सगळी ओरड वीस गुणांभोवतीच झाल्याने पुढच्याच वर्षी ते परत देण्यात आले. गुण परत आले. मूल बोलते कसे आणि ऐकते कसे हे पाहण्याचा त्यामागचा हेतू मात्र बहुतेक शाळांत कागदावरच राहिला. मुलाने उभे राहून कवितेची दोन कडवी म्हणायची, शिक्षकांनी एखादा प्रश्न विचारायचा, की झाली तोंडी. साठ मुलांचा वर्ग अशा रीतीने दोन तासिकांत उरकतो आणि गुणपत्रकावर अठरा, एकोणीस, अठरा अशी रांग लागते. मी स्वतः माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे हे निरीक्षण त्रयस्थाचे नाही.

या पत्राद्वारे मला एकच सूचना मांडायची आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली छोटी ध्वनिमुद्रणे पाचवीपासून पुढच्या वर्गांत अध्यापनाचे नियमित साधन म्हणून वापरावीत, आणि तोंडी परीक्षेचे गुण वर्षभर साठत गेलेल्या या ध्वनिमुद्रणांवरून द्यावेत. ‘स्वतः केलेली’ या शब्दांवर माझा भर आहे. टाळेबंदीच्या काळात आम्ही शिक्षकांनी धडे वाचून त्यांच्या ध्वनिफिती व्हॉट्सॲपवर पाठवल्या, ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरही तयार साहित्य भरपूर आहे आणि त्याचा उपयोग झालाच, पण त्या साऱ्या व्यवहारात शिक्षकांनी बोलायचे आणि मुलांनी ऐकायचे ही जुनी वाटणी तशीच राहिली. स्नेहसंमेलनासाठी चार चुणचुणीत मुलांकडून निवेदन मुद्रित करून घेणे हा तर निराळाच प्रकार झाला. मला अभिप्रेत असलेले ध्वनिमुद्रण बहुधा अपुरे, अडखळते आणि पुन्हा करावे लागणारे असेल, आणि वर्गात त्याचा उपयोग होतो तो याच कारणाने.

सर्वांत सोपी सुरुवात प्रकट वाचनापासून करता येते. शे-सव्वाशे शब्दांचा उतारा मुलाने वाचून मुद्रित करावा, मग पुस्तक समोर ठेवून आपलेच वाचन ऐकावे, जेथे शब्द गाळला किंवा भलताच वाचला तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि तोच उतारा पुन्हा वाचावा. एकच उतारा पुनःपुन्हा वाचून ओघ सुधारण्याची पद्धत अमेरिकेतील एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडली, आणि त्या देशाच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालच्या अहवालात मार्गदर्शनाखाली केलेल्या अशा प्रकट वाचनाच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे ‘असर’ या शिक्षणस्थिती-अहवालाच्या पाहण्या २००५ पासून दाखवत आल्या आहेत की वरच्या इयत्तेतील कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. हे कळते तेही मुलाला मोठ्याने वाचायला लावल्यामुळेच.

सातवीतील एका मुलाला ‘पूर्णविरामाला थांब’ असे सांगून मी थकलो होतो. स्वतःचे वाचन ऐकताना त्याच्या ध्यानात आले की आपण वाक्य संपल्यावर थांबत नाही, ओळ संपल्यावर थांबतो. ओळीच्या टोकाला श्वास घेतो आणि पुढच्या ओळीच्या आरंभी आलेला ‘होता’ किंवा ‘गेली’ हा शब्द जणू नवे वाक्य असल्यासारखा जोरात उच्चारतो. ‘सर, मी रोज असंच वाचतोय व्हय?’ असे त्याने विचारले. दुसऱ्या वाचनापूर्वी त्याने ओळीचे टोक आणि पुढच्या ओळीचा आरंभ यांना जोडणाऱ्या पुसट कमानी पुस्तकात काढून घेतल्या होत्या. ही युक्ती मी त्याला शिकवलेली नव्हती; आता मी ती इतरांना शिकवतो.

पहिल्या दिवशी वर्गात हसण्याखेरीज फारसे काही होत नाही, हे गृहीत धरलेले बरे. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भरदार वाटतो; मुद्रित आवाजात हा भाग नसल्याने प्रत्येकाला आपला आवाज पातळ आणि परका लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे कारण तेव्हाच समजावून सांगितले तर हसण्याचाही पाठ होतो. नववीला ध्वनीचा अभ्यास आहेच.

याहून अधिक उपयोग मला गणितात झालेला दिसला, आणि मराठीच्या शिक्षकाला हे लिहिताना जरा जड जाते. आमच्या गणिताच्या बाईंनी मुलांना ‘पाऊण भागिले अर्धा’ हे उदाहरण कसे सोडवले ते एका मिनिटात सांगून मुद्रित करायला लावले. वह्यांमध्ये जवळजवळ सर्वांचे उत्तर तीन छेद दोन, म्हणजे बरोबर होते. ध्वनिमुद्रणात मात्र बहुतेकांची मजल ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा’ यापुढे गेली नाही, आणि उलटा का करायचा यावर एकाने ‘उलटा करायचा असतोय म्हणून’ असे प्रामाणिक उत्तर दिले. ज्या मुलीच्या घरी दुभती जनावरे आहेत, तिचे स्पष्टीकरण वेगळे होते: ‘पाऊण लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापानं मोजलं तर एक माप भरतंय आणि दुसरं निम्मं भरतंय, म्हणून दीड.’ बाईंनी तिला विचारून ते वर्गाला ऐकवले आणि त्या तासाला फळ्यावर तिच्याच मापांची आकृती काढली. लेखी उत्तर तपासताना बरोबरची खूण करून आपण पुढे जातो. ज्याला नियम पाठ आहे आणि ज्याला तो समजला आहे, अशा दोघांच्या वह्या सारख्याच दिसतात. दोघांना बोलायला लावले की फरक कळायला अर्धे मिनिटही लागत नाही.

तिसरा प्रकार मुलाखतींचा, आणि माझ्या मते हा सर्वांत समृद्ध प्रकार आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६६ मध्ये डोंगरी भागातील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी भाषेच्या तासाचा भाग म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन परिसरातील वृद्धांना बोलते केले, ते बोलणे लिहून काढले आणि त्यातून स्वतःचे नियतकालिक चालवले. आपल्याकडचा दाखला शाळेतला नसला तरी अधिक जवळचा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळशा आज बायकांच्या मूळ आवाजात ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मुलाखतीला निघण्यापूर्वी मुलांना त्यांतील दोन-तीन अवश्य ऐकवाव्यात. ओवी मध्येच बोलून न मोडता ती संपल्यावरही थोडे थांबायचे असते, हे त्यांना सांगण्यापेक्षा ऐकून लवकर समजते.

आठवीच्या मुलांचा एक गट करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर गेला होता. गूळ कसा करतात, किती वेळ लागतो, त्यात काय काय घालतात, असे प्रश्न त्यांनी कागदावर लिहून नेले होते आणि गुळव्याने ते दोन-तीन वाक्यांत निकालात काढले. मग गटातील एका मुलाने कागद बाजूला ठेवून विचारले, ‘काका, पाक झाला हे तुमाला कळतंय कसं?’ त्यावर तो माणूस जो बोलू लागला तो थांबेना. काहिलीतला रस आधी नुसता फसफसतो, मग दाटत गेला की मोठे बुडबुडे फुटून आवाज जड होतो. भेंडीचे पाणी कधी सोडायचे, मळी कधी काढून घ्यायची, चुलवाणाचा जाळ कोणत्या क्षणी ओढायचा. थेंबभर पाक गार पाण्यात टाकला की त्याची गोळी बोटांना कशी लागली पाहिजे. हे सारे त्याने सांगितले, आणि तो ज्या आवाजाविषयी बोलत होता तोच आवाज त्याच्या बोलण्यामागे मुद्रित होत होता. वर्गात हे ऐकल्यावर विज्ञानाच्या तासाला पाण्याचा अंश कमी होत गेला की पाक शंभर अंशांच्या वर का तापतो आणि उतरवताना तो ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान का असतो, यावर चर्चा झाली. मराठीच्या तासाला आम्ही गूळ सोडून प्रश्नांकडेच वळलो: पहिल्या तीन प्रश्नांनी माणूस गप्प का झाला आणि चौथ्याने मोकळा का झाला. पत्रलेखन आणि मुलाखतलेखन या घटकांवर मी आजवर जे शिकवले, त्यापेक्षा त्या एका फितीने अधिक शिकवले असे मला वाटते.

पुराचेही तसेच. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. परंतु नदीकाठच्या गल्लीतील किंवा शिरोळ तालुक्यातील आजीला ‘पाणी ४३ ला आलं तेव्हा तुमच्या घरात कुठवर होतं?’ असे विचारून २०१९ आणि २०२१ च्या आठवणी मुद्रित केल्या, तर भूगोलाच्या वर्गाला त्या आकड्यांचा नकाशा स्वतः काढता येईल.

मुद्रित केलेले बोलणे लिहून काढणे हे खरे कष्टाचे काम आहे. दोन-तीन मिनिटांच्या संभाषणाला तासिका अपुरी पडते. बोलण्यात स्वल्पविराम नसतात, वाक्ये अर्धी सुटतात, एकच शब्द तीनदा येतो, आणि त्यातले काय ठेवायचे व काय गाळायचे हे मुलांना ठरवावे लागते. येथेच बोलीचा प्रश्न समोर येतो. माणूस ‘करालोय’ म्हणाला असेल तर वहीत ‘करत आहे’ लिहायचे काय? आमचा नियम असा आहे की ज्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत जाईल आणि मुलाचे स्वतःचे निवेदन प्रमाण मराठीत असेल. त्यामुळे एकाच पानावर दोन्ही मराठी शेजारी येतात आणि कोणती केव्हा वापरायची हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण चालवले आहे, त्यात गावोगावच्या माणसांचे बोलणे मुद्रित करून अभ्यासकांसाठी खुले केले आहे. हेच काम लहान प्रमाणावर शाळांना का करता येऊ नये? आपल्या जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि चंदगडच्या मुलाचे बोलणे शिरोळच्या मुलाने सहसा कधी ऐकलेले नसते. दोन शाळांनी आपसांत महिन्याला एक ध्वनिफीत धाडली तरी श्रवणाचा पाठ घरबसल्या तयार होतो.

याच कारणासाठी माझा आग्रह आहे की गुण देताना ‘ण’ आणि ‘न’ यांच्या उच्चारावर गुण कापू नयेत. सांगितलेले समजते काय, क्रम लागतो काय, आणि ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर देता येते काय, एवढे पाहावे.

साधनांविषयी थोडे लिहितो, कारण खर्चाची सबब सर्वांत आधी पुढे येते. बहुतेक शाळांत मोबाइल आणायला बंदी आहे आणि ती उठवावी असे माझे म्हणणे नाही. वर्गाला एक जुना, सिमकार्ड नसलेला फोन पुरतो. ६४ केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात मिनिटभराचे बोलणे अर्ध्या एमबीत बसते; साठ मुलांनी दर महिन्याला दीड मिनिट मुद्रित केले तरी दहा महिन्यांचा साठा अर्ध्या जीबीच्या आत राहतो. काटछाट करायची असल्यास ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर चालते, पण काटछाटीच्या नादी फार लागू नये, नाहीतर मुले बोलणे सोडून बटणे शिकतात. जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. जुलैच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली काही ऐकू येत नाही, आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. आम्ही ग्रंथालयाच्या कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसतो. तेही शक्य नसेल तर डोक्यावरून वाकळ घेऊन बोलावे, आवाज आकाशवाणीच्या तोडीचा येतो. फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना सुटणारी हवा थेट माइकवर आदळत नाही. पंखा बंद करण्याचे तेवढे विसरू नये.

वेळेचा आक्षेप याहून गंभीर आहे. साठ मुलांची दीड-दीड मिनिटे म्हणजे दीड तास नुसते ऐकणे, आणि असे चार वर्ग असले तर सहा तास. निवडणूक, जनगणना आणि माहिती भरण्याच्या कामांतून उरलेल्या शिक्षकाकडे एवढा वेळ नाही. म्हणून सर्वांचे सर्व ऐकण्याचा हट्ट धरू नये. आठवड्याला पंधरा मुलांचे ऐकले तर टिपणांसह पाऊण तासात काम होते आणि महिन्याभरात वर्ग पुरा होतो. बाकीचे ऐकणे मुलांनी एकमेकांचे करावे; ऐकून ‘एक समजलेली गोष्ट’ आणि ‘एक न समजलेली गोष्ट’ असे दोन ओळींचे टिपण लिहिणे हेच श्रवणकौशल्याचे मूल्यमापन समजावे. ध्वनिमुद्रण शाळेतच व्हावे, घरून करून आणायला सांगू नये. आता कोणताही मजकूर यंत्राकडून माणसासारख्या आवाजात वाचून मिळतो, आणि काही पालक मुलाचा गृहपाठ स्वतः करतात तसे त्याचे भाषणही स्वतः लिहून देतील.

मुलांचा आवाज ही त्यांची खासगी गोष्ट आहे, याचे भान मात्र शाळांना अजून पुरेसे नाही. एका शाळेत अडखळत बोलणाऱ्या मुलाचे वाचन पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले गेले आणि तेथून ते कुठवर गेले याचा पत्ता लागला नाही. त्या मुलाने पुढे वर्गात तोंड उघडले नाही, असे त्याच्या वडिलांनी मला सांगितले. वास्तविक अशाच मुलाला या पद्धतीचा सर्वाधिक आधार मिळायला हवा, कारण चाळीस जणांसमोर उभे न राहता, एकट्याने, पाहिजे तितक्या वेळा बोलून त्यातले आपल्याला पटलेले तेवढेच शिक्षकांना देण्याची मुभा त्याला असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हे मूळ तत्त्व ठेवतो. शाळांना त्यात काही बाबतींत सवलत मिळत असली तरी तिच्या आड न लपता वर्षारंभी पालकांची लेखी संमती घ्यावी, ध्वनिमुद्रणे समाजमाध्यमांवर किंवा कोणत्याही गटावर टाकू नयेत, मुलाला विचारल्याखेरीज ती वर्गात लावू नयेत आणि निकाल लागून गेल्यावर पुसून टाकावीत. मुलाखत देणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीचीही परवानगी घ्यावी, आणि ती फितीच्या आरंभीच तिच्या आवाजात यावी.

याला अपवाद म्हणून जपून ठेवण्यासारखे एकच काम मला दिसते. चांगले वाचणाऱ्या मुलांनी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके व पूरक पुस्तके वाचून द्यावीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्व हक्क कायद्याने अशा वापराला वाट करून दिलेली आहे, आणि जिच्यासाठी आपण वाचतो ती व्यक्ती खरोखर आहे हे माहीत असले की मुले उतारा किती काळजीने वाचतात हे पाहण्यासारखे असते.

कोल्हापुरातून शिक्षणावर पत्र लिहिणाऱ्याने राजर्षी शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या आदेशापासून आरंभ करावा असा येथे प्रघात आहे. माझी मागणी इतकी लहान आहे की तिला एवढ्या थोर नावाची साक्ष काढणे शोभणार नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने भाषा आणि गणिताच्या शिक्षकांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. त्यात सकाळी शिक्षकांनी स्वतःचे दीड मिनिटाचे वाचन मुद्रित करून ऐकावे आणि दुपारी दुसऱ्याचे ऐकून त्यावर दोन ओळी लिहाव्यात; व्याख्यान ठेवू नये. शिक्षणाधिकाऱ्यांनी इच्छुक शाळांना नववीची तोंडी परीक्षा पुढील वर्षी या पद्धतीने घेण्याची लेखी मुभा द्यावी, म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर शिक्षकाची पंचाईत होणार नाही. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि प्रशिक्षणांचे वेळापत्रक त्याआधीच ठरलेले असते, तेव्हा याबाबतचा निर्णय एप्रिलअखेर व्हावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

कळावे.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर